उन्हात तिरकी धरलेली तबकडी

जुन्या बाजारात गाण्यांच्या तबकड्या विकणाऱ्या चाचांनी एक छोटी अमेरिकन तबकडी माझ्या हातात ठेवली. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. गायकाचं नाव ठळक होतं, गीतकारांची दोन नावं कंसात, मुंगीएवढी. गाणं ध्वनिमुद्रित करून घेणाऱ्या निर्मात्याचं नाव कुठेच नव्हतं.

"उन्हात तिरकी धर, बेटा," चाचा म्हणाले.

खाचा संपून लेबल सुरू होण्याआधी एक गुळगुळीत काळी पट्टी असते. तिथे एक नाव दिसलं, सुईने कोरलेलं, वेडंवाकडं.

"साच्यावरच कोरलंय. म्हणजे निघाली ती प्रत्येक तबकडी हे नाव घेऊन निघाली."

बहुधा त्या निर्मात्याचंच. कुणीतरी कधीतरी ती उन्हात धरील, एवढ्या भरवशावर कोरलेलं.

मी चळवळीत, पत्रकं वाचत वाढले. आमच्या पत्रकाच्या तळाशी छापखान्याचंसुद्धा नाव असतं. पण परवा छापून आलेल्या आमच्या कलापथकाच्या पत्रकावर गाणाऱ्याचं नाव होतं, गाणी लिहिणाऱ्या वंदनाचं नव्हतं. तिने विचारलं तेव्हा मीच सुनावलं, "चळवळीचं गाणं सगळ्यांचं असतं गं."

"मग गाणाऱ्याचं नाव कसं आलं?" एवढं म्हणून ती गेली, ती तालमीला फिरकलीच नाही.

बाजारातून मी थेट तिच्या घरी गेले. पिशवीतला पत्रकांचा गठ्ठा तिच्यासमोर ठेवला आणि पहिल्यावर पेनाने लिहिलं, 'गीते : वंदना'.

तिने ते पत्रक उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"काय घाण अक्षर आहे तुझं," ती म्हणाली. "आण ते पेन इकडे."