बेंबळीच्या मथुराताईंचा परत आलेला आवाज

मथुराताई सुरवसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेआडून. मी तेव्हा रेडिओ केंद्रावर ध्वनिमुद्रणाचं काम करत होतो आणि त्या बेंबळीहून एसटीनं कथाकथनाच्या चाचणीसाठी आल्या होत्या. मायक्रोफोनसमोर बसल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "हितं ऐकायला कोन हाय?"

"सध्या मी एकटाच," मी म्हणालो.

"मग तोंड पाडून बसू नगा. तुमी हसलाव तर मला पुढचं सुचंल."

लग्नात हरवलेल्या जावयाच्या चपलेची गोष्ट होती. मी इतका हसलो की चाचणी पुन्हा घ्यावी लागली. दुसऱ्या वेळी ताईंनी गोष्टीचा शेवटच बदलला. तीच गोष्ट पुन्हा ऐकून मी हसलो नसतो, असं त्यांचं म्हणणं.

पुढं कित्येक वर्षं धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत हा आवाज पोहोचला. लोकांना हसवताना त्यांनी एक पथ्य पाळलं. एकदा एका तोतऱ्या माणसाची नक्कल असलेली संहिता त्यांच्यापुढं ठेवली गेली. त्यांनी ती शांतपणे परत केली. "ज्याला उलटून बोलता येत न्हाय, त्याच्यावर म्या हसवनार न्हाय," एवढंच म्हणाल्या.

माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ताई दुपारी फोन करून तिला गोष्ट सांगत. आई मधेच झोपून जाई. दुसऱ्या दिवशी ताई विचारत, "काल कुठवर ऐकलाव?" आणि तिथून पुढं सुरू करत. याची त्यांनी कुठं वाच्यता केली नाही, म्हणून मी इथं करतो.

रेडिओवरचा कथांचा कार्यक्रम बंद झाला त्याच सुमारास ताईंचा आवाज बसला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली, गाठ तपासणीला गेली आणि डॉक्टरांनी अवाक्षरही बोलायचं नाही अशी ताकीद दिली. गाठ कसली निघेल, हा विचार आम्हा सर्वांच्या मनात होता. ओठांवर कुणीच आणत नव्हतं. ताईंचे यजमान अप्पा दिवसभर चहा करत राहत.

त्या दिवसांत मी बेंबळीला गेलो होतो. ताईंचे व्याही माधवराव सास्तूरहून मोटारसायकलवर भेटायला आले होते. समोरचं माणूस बोलत नाही म्हटल्यावर ते अवघडले आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्र्याण्णवच्या भूकंपानंतरची आपल्या बैलांची हकीकत सांगू लागले.

"नवं गाव वसलं, पर बैलांना कुनी सांगितलंच न्हाय, विहीणबाई. सांजच्याला रानातून सोडले की सरळ जुन्या गावात, आमच्या पडक्या दारात जाऊन हुबे. म्या रोज त्यांच्यामागं. लोक म्हनायचे, माधवरावाचे बैल येडे हायेत."

ताई आवाज न करता हसत होत्या. खांदे हलत होते. माधवरावही हसले. मग म्हणाले, "खरं सांगू का? मलाच जायचं असायचं. उगं कसं जावं? बैलांच्या निमित्तानं त्या उंबऱ्यावर घडीभर बसता यायचं." आजवर हे घरातही सांगितलं नव्हतं, असं ते म्हणाले. ताईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि डोळ्यांना पदर लावला.

तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी मी ताई आणि अप्पांसोबत दवाखान्यात होतो. "गाठ साधी आहे. काळजीचं कारण नाही," डॉक्टर म्हणाले. अप्पा भिंतीला टेकून खालीच बसले. डॉक्टरांनी ताईंना हळू आवाजात काहीतरी बोलायला सांगितलं. ताई अप्पांकडं वळल्या. "चहात साखर कमी पडतीय. लई दिसांपासून सांगायचं हुतं."

आवाज खरखरीत होता, ओळखू येण्यासारखा नव्हता. पण त्या वाक्यानं मी आणि अप्पा लहान मुलांसारखे रडलो आणि हसलो.

पॉडकास्ट करू या, असं मी सुचवलं, तर ताईंनी साफ नकार दिला. "जात्यागत घरघरतोय आवाज. कोन ऐकंल?" मी म्हणालो, "तुम्ही थोडंच बोला. माधवरावांना बोलू द्या." मग म्हणाल्या, "त्या दिशी मला बोलता येत असतं, तर म्या मधेच इनोद केला असता. उंबऱ्याचं त्यांच्या पोटातच ऱ्हायलं असतं."

माधवरावांनी आनंदानं होकार दिला आणि 'टेका घडीभर' या पॉडकास्टचा पहिला भाग बैलांचा झाला. आता ताईंकडं माणसं येतात, टेकतात आणि बोलतात. ताई हसवतात, पण कुठं थांबायचं ते त्यांना नेमकं कळतं. सोनारीच्या एका आजींनी फोन केला, "बाई, आवाज आला न्हाय म्हनून आमी समजलो, तुमी गेलाव."

"न्हाय वो, हितंच हाय," ताई म्हणाल्या. "तुमी कधी येताव बोलायला?" त्या आजी पुढच्याच भागात आल्या.

परवा ताईंची शेवटची तपासणी झाली. "आता माझ्याकडं येऊ नका," डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेवर ताई सोलापूरपासून बेंबळीपर्यंत अखंड बोलत होत्या आणि अप्पा गाडीत निवांत झोपले होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

ताईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि अप्पांना रोज अशी निर्धास्त झोप लागो, हीच आम्हा सर्व श्रोत्यांची इच्छा.