मोबाइलच्या उजेडात मोजलेले हात

सेमिनार या शब्दाचा मला राग यायचा. आमच्या गोंदियाच्या कॉलेजात सेमिनार म्हणजे शाल, नारळ, पाहुण्यांचं लांबलचक हिंदी भाषण आणि शेवटी समोसा. पोरांच्या लक्षात फक्त समोसा राहायचा. म्हणून अणुभौतिकीची प्रयोगशाळा माझ्याकडे आली, तेव्हा मी वर्षातला एक दिवस वेगळा काढला. त्या दिवशी भाषण नाही. एम.एस्सी.च्या मुलांनी घरच्यांना बोलवायचं आणि आपण काय शिकतो ते त्यांना करून दाखवायचं. विभागातल्या लोकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मुरडा.

भारनियमनाची वर्षं होती ती. देवरीकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती, हुशार आणि वाद घालण्यात पटाईत. त्या दिवशी सकाळीच ती माझ्यापुढे उभी राहिली. चेहरा उतरलेला.

“मॅडम, आई आली आहे. आज पाहूनच ठरवते म्हणते, मले परीक्षेले बसू द्यायचं का घरी न्यायचं.”

“काऊन?” मीही तिच्याच बोलीत विचारलं.

“गावात कोणी तरी सांगतलं, अणूच्या खोलीत बसणाऱ्या पोरींले लेकरं होत नाही.”

माझा पारा चढला. पण आई समोर आली आणि तो उतरलाही. बाई भांडायला आली नव्हती, घाबरली होती. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. या घरचं पूर्वी लग्नाला, मंडईच्या जत्रेला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचं काम होतं. पुढे गावोगावी जनरेटर आले आणि ते काम बसलं. मी तिला पुढच्याच स्टुलावर बसवलं.

आमच्याकडे किरण मोजायचं एक यंत्र होतं. किरण आला की टक् असा आवाज करायचं. समोर काहीही नसलं तरी ते अधूनमधून वाजतंच, कारण थोडे किरण मातीतून, भिंतींतून, आभाळातून सतत येत असतात. म्हणून आमचा पहिला नियम असा की आधी रिकामं मोजायचं. मग शिशाच्या डबीतला किरण देणारा पदार्थ यंत्राच्या नळीखाली ठेवायचा. मुलगी हे सगळं आईला समजेल असं सांगत होती, आणि नेमकी लाइन गेली.

यंत्र इन्व्हर्टरवर चालू राहिलं, पण खोलीत अंधार. एकुलती एक खिडकी कपाटामागे. आमच्या मामांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या शिपायांनी, स्नेहसंमेलनाच्या सामानातली गॅसबत्ती आणली, पेटवून टेबलाच्या टोकाला ठेवली आणि जास्तीच्या मेंटलचं पाकीट जागा दिसली तिथे टेकवलं. मेंटल म्हणजे बत्तीत बांधायची ती पांढरी जाळी.

मुलीनं रिकामं मोजायला घेतलं. टक्, टक्, मग टक्टक्टक्टक्. यंत्र थांबेचना. शिशाची डबी तर अजून बंद होती.

मागचे पालक दाराकडे सरकले. आईनं उठून मुलीचं मनगट धरलं. “चाल. आत्ताच्या आत्ता चाल.”

खरं सांगते, माझीही नजर डबीकडे गेली. डबी फुटली की काय? मुलीनं मात्र हात सोडवला नाही. आईनं धरलेल्या हातासकट ती टेबलाशी वाकली. “थांब ना आई. कायच्यानं वाजून राहिलं ते तं पाहू दे.” आधी तिनं डबी पार कोपऱ्यात नेऊन ठेवली. फरक नाही. बत्ती दूर सरकवायला लावली. किंचित कमी. मग नळीला टेकलेलं ते पाकीट तिनं उचललं आणि यंत्र शांत झालं. परत ठेवलं, पुन्हा वाजायला लागलं.

मेंटलमध्ये किरण देणारं थोरियम असतं, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो. अख्खा विभाग तिथे हजर होता आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नव्हता. मी मोठ्यानं हसले, मागचे पालकही हसले. आई तेवढी हसली नाही. ती पाकिटाकडे बघत होती.

“मॅडम, हे तं माह्या हातानं बांधलं. इतकी वर्सं. पोटुशी असतानीही.” मग आवाज अगदी बारीक करून तिनं विचारलं, “इच्या आधीचं पोरगं गेलं माह्यं. यानंच गेलं का?”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही हे नवं असावं.

डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, पण किरणांतलं कळतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. “नाही, ताई. एवढ्याशानं पोर जात नाही.”

“सासू म्हणे, तुह्या हातातच काही तरी आहे. मरेपर्यंत हेच म्हणे.”

मुलीनं पाकीट आणि बत्ती दोन्ही दाराबाहेर पाठवली, मोबाइलच्या उजेडात आधी रिकामं मोजलं, मग आईचा उजवा हात धरून नळीखाली ठेवला. टक्. बऱ्याच वेळानं पुन्हा टक्.

“रिकाम्याइतकंच आहे, आई. काही नाही तुह्या हातात.”

आईनं तो हात काढला आणि डावा ठेवला. “हाही मोज.”

मुलीनं तोही मोजला, तितकाच वेळ लावून. माझे डोळे भरून आले होते. अंधार होता ते बरं झालं. आईनं दोन्ही हात पदराला पुसले आणि मुलीला विचारलं, “पेपर कधी आहेत तुहे?”