ह्यूईची आकडी

लॉकी मॅकइनिस पोलिसातून निवृत्त झाला त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी आमच्या पोर्ट कॅरनमध्ये त्याला अजून सगळे सार्जंटच म्हणतात. माणूस सरळ, पण हट्टी असा की एक वेळ शेवंड आपली नांगी सोडेल, लॉकी आपलं म्हणणं सोडायचा नाही.

त्याचा धाकटा भाऊ ह्यूई त्याच ठाण्यात शिपाई होता. एका मार्चमध्ये बंदरातला बर्फ फुटला आणि खेळणाऱ्या दोन मुली पाण्यात गेल्या. ह्यूईने कोणाच्या तरी बोटीवरची लांब दांड्याची आकडी उचलली, दोघींना ओढून बाहेर काढलं आणि स्वतः बर्फाखाली गेला. त्या दिवशी त्याची नेमकी रजा होती. कर्तव्यावर असताना जीव गेलेल्या पोलिसांची नावं ज्या दगडावर कोरतात, त्यावर रजेवरच्या माणसाला जागा नाही म्हणे. लॉकीने किती उंबरठे झिजवले! सगळीकडे लोक हळहळायचे आणि नियम दाखवायचे.

मग वांडा बूटिलिए नवी चीफ म्हणून आली. आमच्या पोलिसांच्या बाहीवर जो बिल्ला होता, त्यावरचा समुद्रपक्षी बदकासारखा दिसायचा. शेजारच्या गावचे पोलीस भेटले की आधी क्वॅक क्वॅक करायचे, मग नमस्कार. वांडाबाईंना हे झोंबलं. ओटावात चिन्हं बहाल करणारं एक कार्यालय आहे, तिथून रीतसर चिन्ह आणायचं असं त्यांनी ठरवलं, आणि नगरसभेनेही कुरकुरत मान डोलावली. हे कळलं तसा लॉकी टोपी हातात घेऊन ठाण्यात हजर.

"चीफ, त्यात एक आकडी घाला."

"ह्यूईचं नाव चिन्हात घालता येणार नाही, सार्जंट."

"नाव कोण मागतंय? नुसती आकडी. तिला कोणी विचारणार नाही, रजेवर होतीस का म्हणून."

वांडाबाई विरघळल्या. आकडी डाव्या बाजूला हवी, कारण ह्यूई डावखुरा होता, एवढंही लॉकीने त्यांच्याकडून लिहवून घेतलं.

ओटावाचं काम सावकाश. तिथल्या अधिकारी मादाम ग्राव्हेल फोनवर बोलायच्या फार गोड, पण त्यांच्याकडे रांग मोठी. अखेर एकदाचा कच्चा आराखडा आला. निळी ढाल, एक कंदील, एक आकडी, आणि खाली वर्णन: डावीकडे आकडी, उजवीकडे कंदील. चीफनी पसंतीची सही केली की आराखडा पुढे जाणार होता. त्यांनी कौतुकाने लॉकीला बोलावलं. लॉकीने चष्मा लावला आणि त्याचा चेहराच पडला.

"लिहिलंय डावीकडे आणि काढलीय उजवीकडे! ओटावात डावं-उजवं शिकवत नाहीत का?"

"असेल त्यांची काही पद्धत. सही करून टाकते, मग विचारू."

"चीफ, शाळेत सिस्टर त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या. अख्खं लहानपण मार खाल्ला पोराने. आता तुम्हीही मारा."

वांडाबाईंनी पेन खाली ठेवलं. आराखडा सहीविना परत गेला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला लागला.

तेवढ्यात गावाचे दिवस फिरले. मासळीचा कारखाना बंद पडला, आणि नगरसभेने ठरवलं की स्वतःचे पोलीस आता परवडत नाहीत, बाहेरच्या मोठ्या दलाला काम देऊन टाकू. अग्निशमनच्या हॉलमध्ये सभा भरली. लॉकी उभा राहून बोलला, रडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी मिठी मारली. मग हात वर करून त्याच लोकांनी ठाणं बंद केलं. यात कोणावर राग धरायचा, मला अजून कळलेलं नाही.

ठाण्याच्या शेवटच्या आठवड्यात मादामचा फोन आला. वांडाबाईंनी फोन लॉकीच्या हातात दिला.

"मस्यू मॅकइनिस, ढालीचं डावं-उजवं बघणाऱ्याचं नसतं. ती धरणाऱ्याचं असतं, म्हणजे ढालीमागच्या माणसाचं. तुमची आकडी पहिल्यापासून डावीकडेच होती."

लॉकी घाईघाईने म्हणाला, "मग आत्ता सही करतो ना! चीफ इथेच आहेत."

"आता नाही हो करता येत. चिन्ह चालू दलाला देतात. तुमच्या नगरसभेने दल बंद होत असल्याचं कळवलंय. त्या वेळी सही झाली असती, तर एव्हाना मिळालं असतं. मला फार वाईट वाटतं."

आराखड्याची आपल्याकडची प्रत खिशात घालून लॉकी थेट ह्यूईच्या बायकोकडे, थेरेसाकडे गेला. ती ओटच्या वड्या भट्टीतून काढत होती.

"काय रे, तोंड का असं? तुझं ते चिन्ह मिळणार की नाही?"

लॉकीने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. थेरेसाला ते डावं-उजवं काही केल्या समजेना, म्हणून त्याने कागद उलगडला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीशी धरला. आकडी त्याच्या डाव्या हाताच्या बाजूला आली.

"म्हणजे बरोबर होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू परत पाठवलंस."

"हो."

एरवी थेरेसाची जीभ म्हणजे सुरी. लॉकी खाली मान घालून बोलणी खायला तयार झाला आणि कागदाची घडी घालू लागला.

"थांब," ती म्हणाली. "जरा तसाच उभा राहा. मला बघू दे त्याला."

म्हातारा सार्जंट टाचा जुळवून ताठ उभा राहिला. कागद पुन्हा छातीशी धरला, आणि तिचं बघून होईपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही.