तिसऱ्या ओळीचं दव

काकूंचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे त्यांना कोरड्या काकू म्हणत, कारण पानांवरचं दव वाळेपर्यंत त्या आपल्या घेवड्याच्या शेतात कुणाला पाऊल टाकू देत नसत. ओल्या पानाला हात लागला की तांबेरा त्या हाताबरोबर गावभर फिरतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते बरोबरच होतं. तांबेरा म्हणजे पानाच्या खाली उठणारे विटकरी फोड. बोट लावलं तर गंजासारखी पूड लागते. रसायनाला काकू फाटकातही उभं करत नसत. त्यामुळे औषध म्हणजे शिस्त. दोन ओळींत मोकळी हवा, पाणी फक्त मुळाशी, खालची पानं काढलेली, आणि फाटकावर हात पुसायला एक टॉवेल.

तो टॉवेल खरं तर एकाच माणसासाठी होता. काका रोज उजाडताच तिसऱ्या ओळीतून चालत जायचे आणि जाता जाता उजवा हात पानांवरून फिरवायचे. काकू ओरडायच्या, काका हसायचे. पालथ्या घड्यावर पाणी. अडतीस वर्षांत त्यांनी त्या टॉवेलला बोट लावलं नाही. उजव्या हाताची करंगळी कडबा कापायच्या यंत्राने नेली होती, तेव्हा "आहेत ती बोटं तरी पुसा" हे काकूंचं ठरलेलं वाक्य. मागच्या वर्षी काका गेले, आणि काकूंच्या मनात आलं की आता निदान घेवडा तरी सुखाने वाढेल. असं मनात आल्याची त्यांना नंतर फार लाज वाटली.

यंदा तांबेरा आला तो फक्त तिसऱ्या ओळीत. उजव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पट्टा. रोग असा येत नाही. तो कुठल्यातरी कोपऱ्यात धरतो आणि तिथून पसरतो. दोरी लावल्यासारखा सरळ चालत नाही. काकूंनी पानं तोडून जाळली, सेंद्रिय शेतीत चालतं ते गंधक तेवढं फवारलं. नवी पानं आली आणि त्याच उंचीवर पुन्हा फोड उठले. दहाएक दिवसांत दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतही ठिपके दिसले. शेंगा धरायच्या बेतात होत्या. पीक गेलं तर वर्षाची भाकरी गेली, आणि रसायन मारलं तर वीस वर्षं गिऱ्हाइकांना दिलेला शब्द गेला.

सुनेला वाटलं, सासूबाईच झोपेत उठून त्या ओळीतून हात फिरवत जात असतील. मनात आलं ते बोलून मोकळं होणारी बाई ती. तिने काकूंच्या चपला उलटसुलट करून पाहिल्या. कोरड्या ठणठणीत, कालची धूळ तशीच. मग एका पहाटे दोघी फाटकाशी खुर्च्या टाकून बसल्या. वाऱ्याचं नाव नव्हतं. उजाडलं तेव्हा सगळं शेत दवाने पांढुरकं दिसत होतं.

तिसऱ्या ओळीचं पहिलं पान हललं. मग त्याच्या पुढचं. पानामागून पान हलत गेलं, सावकाश, माणसाच्या चालीने, आणि मागे दव पुसलेला हिरवा पट्टा उरत गेला. बांधावरूनच वाकून पाहिलं तर एका रुंद पानावर तीन रेघा होत्या. चौथी नव्हती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मेल्यावरही गेली नव्हती.

संध्याकाळी सून एवढंच म्हणाली, "आई, ती ओळ उपटा."

ते काकूंनाही कळत होतं. ती ओळ गेली तर शेजारच्या ओळींतली ठिपक्यांची पानं तोडून बाकी शेत वाचणार होतं. तरी त्यांनी दोन दिवस ढकलले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगायचं. पण ओळ गेली की काकांना यायला वाटच उरणार नाही, हे भीतीपेक्षा जड होतं. वर्षभर रिकाम्या पलंगाकडे पाठ करून झोपलेल्या बाईने, कुणी येतंय हे कळल्यावर, आपल्याच हाताने दार लावायचं होतं.

तिसऱ्या दिवशी, दव पुरतं वाळल्यावर, त्या विळा घेऊन पहिल्या वेलाशी उभ्या राहिल्या.

"अहो, ही ओळ मी काढतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही येता ते मला बरं वाटतं. पण हात पुसून येत जा."

मग वेल चढवलेल्या दोऱ्या कापल्या, वेल मुळासकट उपटले आणि बांधाबाहेर नेऊन जाळले.

दुसऱ्या सकाळी शेतभर दव जसंच्या तसं होतं. एकही पान पुसलेलं नव्हतं. शेत वाचलं म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण काकूंना रडू फुटलं. डोळे पुसायला त्यांनी फाटकावरचा टॉवेल ओढला. वर्षभर त्याला कुणी हात लावला नव्हता, कालपर्यंत उन्हाने पुठ्ठ्यासारखा कडक होता तो.

टॉवेल ओला होता. मधोमध विटकरी ठसे होते. अंगठा आणि तीन बोटं.

काकू कितीतरी वेळ तो छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग घरात जाऊन दुसरा, कोरडा टॉवेल घेऊन आल्या आणि त्याच खिळ्याला अडकवला.