पाय उचलू नका, अप्पा

कारच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला, तेव्हा अप्पांनी त्यावर काळी टेप चिकटवली. जन्मभर लॉरी चालवलेल्या माझ्या वडिलांना गाडीने शहाणपण शिकवलेलं खपत नाही. माझा जीव मात्र टांगणीला लागला. याच गाडीतून ते आईला लोह्याहून नांदेडला डायलिसिसला नेतात आणि नोकरीमुळे मला दर वेळी सोबत जाता येत नाही.

शेवटी गाडी मीच नांदेडच्या गॅरेजात नेली. ब्रेक सांभाळणारं एबीएसचं मॉड्यूल गेलं होतं. मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर सोडली, नवं मॉड्यूल बसवलं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली आणि लॅपटॉप जोडून गाडीला नव्या पाहुण्याची ओळख करून दिली. "आईला बसवण्याआधी मोकळ्या मैदानात ब्रेक मारून बघा," म्हणाले.

गावाबाहेरच्या बाजाराच्या मैदानावर सगळीकडे सुटा मुरूम होता. अप्पांनी वेग घेतला, ब्रेक दाबला आणि लगेच पाय उचलला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. गाडी घसरत कडेच्या बाभळीपर्यंत गेली.

"पायाखाली काहीतरी तडतडायलंय. तुटलं जणू."

"तुटलं नाही, अप्पा. तेच तर एबीएसचं काम. चाकं जाम होऊ नयेत म्हणून ते स्वतःच ब्रेक दाबतं-सोडतं. पाय उचलू नका, दाबूनच धरा."

लॉरीचा ब्रेक टप्प्याटप्प्यानेच मारायचा, नाहीतर चाकं जाम होतात. त्या सवयीनेच त्यांना आजवर घरी सुखरूप आणलं होतं. हे कळत असूनही मी चिडले. "जमेपर्यंत आईला मीच नेणार," म्हणून बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मग मलाच राहवेना. पुढच्या फेरीला मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ब्रेकसोबत दाबून धरला. पायातली थरथर माझ्या तळहातापर्यंत आली. गाडी सरळ थांबली.

"जित्तं हाय म्हणायचं हे," अप्पा म्हणाले.

त्या आठवड्यात मी रजा काढून सोबत गेले. परतताना आई मागे झोपली होती, सुया टोचलेला हात उशीवर ठेवून. रस्त्याच्या कामाची बारीक खडी पसरली होती आणि नेमकी तिथेच एक म्हैस आडवी आली. माझा हात गुडघ्याकडे जाईपर्यंत अप्पांनी ब्रेक दाबला होता. तडतड झाली, पण पाय हलला नाही. गाडी थांबली. आई जराशी पुढे सरकली, "हं" म्हणाली आणि पुन्हा झोपली. हात उशीवर तसाच.

म्हैस सावकाश निघून गेली. रस्ता मोकळा झाला, तरी अप्पांचा पाय ब्रेकवरच होता. ते हळूच म्हणाले, "आता उचलू का?"

मी म्हणाले, "हाव, अप्पा. आता उचला."