यज्ञेश्वरची एकुलती एक जीत

चूक सगळी यज्ञेश्वरच्या जिभेची होती, आणि ती त्याने चहात बिस्कीट बुडवता बुडवता केली.

चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरात तो अनिमेषबाबूंच्या बैठकीत गेला, तो खरं म्हणजे एक रजा मागायला. तीही स्वतःसाठी नव्हे. वासुदेव पहिलवानाचे बाबूजी वारले होते, गडी पार खचला होता, त्याला महिना-दीड महिना कुस्तीला बोलावू नका, एवढंच सांगायचं होतं. एवढं सांगून उठायचं. पण यज्ञेश्वर मुळे पडला काशीतल्या दूधविनायकाचा. त्या गल्लीत बोलणं अर्ध्यावर टाकून उठलेला माणूस आजवर कुणी बघितलेला नाही.

तर त्याने पुढचंही सांगितलं. मणिकर्णिकेवर चिता शांत झाली की मुलाने तिच्याकडे पाठ करायची, पाण्याचा घडा खांद्यावरून मागे टाकायचा आणि चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर गेलेल्याचा पाय अडकतो, तो पाठोपाठ येतो असं म्हणतात. वासुदेवने घडा टाकला, चार पायऱ्या चढला आणि वळून बघितलं.

"शेजारी मी होतो म्हणून बरं," यज्ञेश्वर म्हणाला. "जबडा धरून मान फिरवली त्याची. म्हटलं, मी काही पाहिलं नाही, तूही काही पाहिलं नाहीस. लहान पोरासारखा रडला हो. हे तुम्हाला म्हणून सांगतो, बाबू. तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही."

"आहा रे," अनिमेषबाबू म्हणाले आणि माकडटोपी काढून मांडीवर ठेवली.

एवढ्यात बिस्कीट मऊ होऊन कपात पडलं. यज्ञेश्वरला वाटलं, नुकसान झालं ते तेवढंच.

हा यज्ञेश्वर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. पाच पिढ्यांपूर्वी कुणी मुळे कोकणातून काशीला आले ते वेद शिकवायला. पाचव्या पिढीला मात्र वेदाऐवजी अंग आलं. पाठशाळेच्या दारातून अंग तिरकं करून आत जावं लागे, आणि आत गेल्यावर आठवे काहीच नाही. शेवटी वडिलांनी त्याला स्वयंपाकघरात घातलं. महाराष्ट्रातून यात्रेकरू येत, बालाजी घाटाच्या आसपास उतरत, आणि त्यांना काशीत वरणभात, पुरणपोळी देणारा माणूस म्हणून यज्ञेश्वरचं नाव झालं. आवाज मऊ, हात त्याहून मऊ. माकडांना भिऊन तो गच्चीवर पापडसुद्धा वाळत घालत नसे.

आणि कार्तिक संपला की हाच माणूस मसानी व्हायचा.

अनिमेषबाबूंची कुस्तीची कंपनी होती. मातीतली कुस्ती नव्हे, तंबूतली. दोरांचा चौक, गादी, भोंगा, आणि कोण जिंकणार ते चहाबरोबर आधीच ठरलेलं. बलिया, गाजीपूर, मिर्झापूर, जिथे मेळा तिथे तंबू. यज्ञेश्वर काळी लुंगी नेसून, अंगभर राख फासून, हातात पत्र्याचा डबा घेऊन यायचा. अनिमेषबाबू भोंग्यावरून ओरडायचे, "मणिकर्णिका का मसानी! डिब्बे में मुर्दे की राख!" बाया पदर तोंडाला लावत. समोर यायचा वासुदेव, गोरापान, घडीव अंगाचा, राजघाटापलीकडचा दूधवाला. तो जिंकत आला की पंच हटकून बुटाची नाडी बांधायला वाकायचा, आणि तेवढ्यात मसानी त्याच्या डोळ्यांत राख फेकायचा. मग जो गलका उठायचा, काय सांगावं! शिव्या, शेंगांची टरफलं, चपला. आंधळा झालेला वासुदेव चाचपडत उठायचा, मसानीला खांद्यावर घेऊन आपटायचा, आणि लोक सुखाने घरी जायचे.

चपला पडल्या की यज्ञेश्वरला दाद मिळाल्यासारखं वाटे. "बारा वर्षांत एक जोडी जुळली नाही," तो म्हणे. "लोक एकच फेकतात. दुसरी घालून घरी जातात."

राख अर्थातच मुळ्यांच्या चुलीतली. त्याची बायको अन्नपूर्णा ती जुन्या धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळायची. "वासुदेवभाऊजींच्या डोळ्यांत खडा जाईल हो. आणि मसानी महाराज, भांड्यांपुरती राख मागे ठेवत जा." शिवाय एक खूण ठरलेली होती. फेकण्याआधी यज्ञेश्वर खोकायचा आणि वासुदेव डोळे घट्ट मिटायचा. बारा वर्षांत कधी चुकामूक झाली नाही.

बारा वर्षं यज्ञेश्वर हरत आला. वासुदेव म्हणायचा, "गुरू, एक दिन तुमको जितवाएँगे. बनारस में, तुम्हारे मोहल्ले के सामने." त्याचे बाबूजी दर खेळाला पहिल्या ओळीत बसत, आणि तेही म्हणत, "अरे, पंडित को एक बार जितवा दो, बेचारा कितना पटका खाएगा." ते राहून गेलं होतं, कारण बनारसमध्ये खेळच होत नसे. तशी अटच यज्ञेश्वरने घातली होती. मेळ्यातल्या माणसाला मणिकर्णिका म्हणजे गोष्ट. बनारसच्या माणसाला तो आपला पत्ता. तिथे तो डबा उघडायचा नाही.

पण तोवर घरोघरी केबल आली. परदेशातले पहिलवान दिवाणखान्यात येऊन एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालू लागले. मेळ्यातले लोक मसानीला म्हणू लागले, "खुर्ची नाही का आणली, बाबा?" तंबू अर्धे राहू लागले. जानेवारीत अनिमेषबाबूंनी ठरवलं, एक खेळ बनारसमध्ये लावायचा, आणि वासुदेव त्यात पाहिजेच.

"त्याच्या बाबूजींची तेरावी होऊन पंधरा दिवस नाही झाले," यज्ञेश्वर म्हणाला.

"तो स्वतः हो म्हणाला. विचार त्याला. आणि पंडितजी, घाटाचं नाव निघणार नाही." अनिमेषबाबूंनी कोपऱ्यातल्या गडूतलं गंगाजळ हातावर घेतलं. "ही घ्या शपथ."

आता गंगाजळ हातात घेतलेल्या माणसावर काशीत अविश्वास दाखवायचा कसा?

खेळ दुपारी तीनचा, संक्रांतीच्या चार दिवस आधी, स्टेशनापलीकडच्या मैदानात. दूधविनायकाची अर्धी गल्ली आली होती. अन्नपूर्णा शाल लपेटून बायकांत बसली होती. कनातीमागे यज्ञेश्वर राख फासत होता, तेव्हा वासुदेव आला. मुंडलेल्या डोक्यावर केसांचे जेमतेम खुंट उगवले होते.

"गुरू, आज तुम जीतोगे," तो म्हणाला. "बाबूजी की बात थी. इसी वास्ते आए हैं, नहीं तो कौन आता."

यज्ञेश्वरने राखेचा हात लुंगीला पुसला. तो म्हणाला, "लोटा घरी तयार आहे. तुझी भौजी संक्रांतीला लाडू भरून पाठवतेय."

हा लोटा तेराव्याचा. त्या दिवशी अन्नपूर्णाला पंगतीला जाता आलं नव्हतं, म्हणून वासुदेवने पितळेच्या लोट्यात दही पाठवलं होतं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून ती तिळाच्या लाडवांसाठी थांबली होती.

"तुम मराठी लोग," वासुदेव हसला. बाबूजी गेल्यापासून पहिल्यांदाच हसला असेल. "लाडू खिलाकर झगड़ा निपटाते हो. हमारा तो झगड़ा ही नहीं है."

कुस्ती सुरू झाली. वासुदेवचं ते डोकं बघून लोकांना कळलंच, ह्याच्या घरी कुणीतरी गेलंय. ते नेहमीपेक्षा हळू ओरडत होते. ठरल्याप्रमाणे वासुदेवने मसानीला दोनदा आपटलं, ठरल्याप्रमाणे पंच बुटाच्या नाडीकडे वाकला, यज्ञेश्वरने डब्यात हात घातला. आणि भोंगा बोलला.

"वासुदेव! पहचान, डिब्बे में कौन है! मणिकर्णिका में तूने पीछे मुड़कर देखा था न? ले, तेरा बाप पीछे-पीछे आ गया!"

वासुदेवने भोंग्याकडे बघितलं नाही. त्याने यज्ञेश्वरकडे बघितलं. त्या पायऱ्यांवर ते दोघेच होते.

यज्ञेश्वर पुढे आयुष्यभर हा क्षण घासत बसला, पण त्यातून एवढंच निघालं: तो खोकला. बारा वर्षांची सवय. पंच वाकला की खोकायचं, खोकलं की फेकायचं. डोकं नको म्हणेपर्यंत हात फेकून मोकळा झाला होता.

वासुदेवने डोळे मिटले नाहीत.

राख उघड्या डोळ्यांत गेली. तो हलला नाही, डोळे चोळले नाहीत. पाणी वाहू लागलं तसं त्याने दोर चाचपून गादीचा मध्य शोधला, तिथे पाठ टेकून उताणा झोपला, आणि दोन्ही हात छातीवर ठेवले.

"आओ, गुरू," तो म्हणाला. "जीतो."

पंच बिचारा भाड्याचा. त्याला वाटलं, हेही ठरलेलंच असेल. त्याने एक, दोन, तीन मोजले आणि यज्ञेश्वरचा हात वर केला. मसानी बनारसमध्ये जिंकला. यज्ञेश्वर चपलांची वाट बघत राहिला. खरंच बघत राहिला, पडली असती तर त्याने ती कपाळाला लावली असती. एकही आली नाही. लोक उठले, सतरंज्या झटकल्या, आणि मयतीहून निघाल्यासारखे न बोलता बाहेर पडले.

कनातीमागे तो अनिमेषबाबूंसमोर उभा राहिला. अंगावरची राख घामाने ओघळत होती.

"गंगाजळ हातात घेतलं होतंत तुम्ही."

"पंडितजी, मी मनाने काही जोडलं का?" अनिमेषबाबू शांतपणे वायर गुंडाळत होते. "तुम्हीच तर सांगितलंत. आणि एवढं काय? ते टीव्हीवरचे विलायती पहिलवान तर एकमेकाला तिरडीवर बांधतात आणि पुढच्या आठवड्यात गळ्यात गळे. पब्लिक विसरते."

"पब्लिकचं मी विचारत नाही."

"मग कोणाचं?"

ह्याला यज्ञेश्वरकडे उत्तर होतं, पण ते अनिमेषबाबूंना देण्यात अर्थ नव्हता. एकदा त्यांना एक गोष्ट सांगून झाली होती. तो डबा तिथेच ठेवून निघाला. पुढच्या महिन्यात मिर्झापूरला दुसराच मसानी उभा राहिला, आणि म्हणे चांगला चालला.

गल्लीत त्याला कुणी काही बोललं नाही. तेच वाईट. तो चहाच्या दुकानाशी आला की अर्ध्यावरचं बोलणं अर्ध्यावरच राही. माणसं चहाचे मातीचे कुल्हड ठेवून उठत. ज्या गल्लीत असं कधी झालं नव्हतं त्या गल्लीत ते रोज होऊ लागलं. अन्नपूर्णा घरात बोलत होती, पण राखेच्या चिमटीने भांडी घासताना तिचा हात मध्येच थांबे.

संक्रांतीला तिने लोटा चिंचेने लखलखीत केला, लाडू भरले, वर फडकं बांधलं. "जा," म्हणाली. "तुम्हीच जा. कुणाच्या हाती पाठवू नका."

वासुदेव गोठ्यात होता. डोळे अजून लाल. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला आणि यज्ञेश्वरने विचारायच्या आतच म्हणाला, "आँख ठीक है. राख भौजी की छानी हुई थी. एक कंकड़ नहीं था."

"वासुदेव, माझा हात..."

"हाथ से शिकायत नहीं है, गुरू. हाथ तो बारह साल से फेंक रहा था." त्याने म्हशीच्या अंगावरची काडी काढली. "बताया काहे?"

यज्ञेश्वरने लोटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग जे खरं होतं ते म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच ते ऐकवेना. "तुझ्यासाठीच सांगितलं रे. तुला सुट्टी मिळावी म्हणून."

वासुदेवने मान डोलावली. "छुट्टी तो मिल गई."

मग त्याने लोट्याकडे बघितलं. "इस साल हमारे घर कोई त्योहार नहीं, गुरू. सूतक का साल है. ले जाओ." आवाजात राग नव्हता. राग असता तर यज्ञेश्वर तिथेच पाय धरून बसला असता. वासुदेवने चाऱ्याची पाटी उचलली आणि तो गोठ्याच्या आतल्या अंगाला चालू लागला. यज्ञेश्वर दारात थांबला, वळतो का बघत. त्या दिवशी त्याने वळून बघितलं नाही.

पुढच्या वर्षी सुतकाचं साल संपलं. अन्नपूर्णाने पुन्हा लाडू वळले, पुन्हा लोटा भरला. यज्ञेश्वर राजघाटाच्या पुलाच्या तोंडाशी गेला, तिथे दुधाच्या बरण्या लावलेली एक सायकल ओळखीची वाटली, आणि तो परत आला.

"दिला?" अन्नपूर्णाने विचारलं.

"उद्या."

रथसप्तमीला घरच्यांनीच ते लाडू खाल्ले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं. लोटा मुळ्यांच्या फळीवर त्यांच्या भांड्यांत उभा असतो. घरात पाहुणे येवोत, यात्रेकरूंची पंगत बसो, पाण्याला भांडी कमी पडोत, तो कुणी उचलत नाही. यज्ञेश्वर दर संक्रांतीला तो घासतो, आता स्वतःच, आणि अन्नपूर्णा तिळाच्या लाडवांचं ताट पुढे सरकवते.