साचीबाईची शेवटची भट्टी

जपानातल्या चिनीमातीच्या एका गावात साचिको जन्मली, पण इकडे कोंढा गावात तिला सगळे साचीबाईच म्हणत. सन एकाहत्तरात ती भांडीकाम शिकवायच्या केंद्रावर आली. केंद्र लवकरच बंद पडलं. साचीबाई मात्र इथल्या पांढऱ्या मातीपायी राहून गेली. तिचा बाप असे पेले करायचा, की आत बोट धरलं तर बाहेरून सावली दिसावी, आणि रंग शिजल्या भाताचा. तसा एक पेला या मातीतून काढायचा, एवढंच तिचं मागणं. माती दर भट्टीला दगा देई. कधी वाकायची, कधी तडकायची. गावाला मात्र तिच्या बरण्या तेवढ्या हव्या असत, लोणच्यासाठी.

अशी वर्षं गेली. गुडघे गेले. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात तिने कामातला सोबती ईश्वर कुंभार याला सांगितलं, "ही शेवटची भट्टी. साधली त राहीन. नाही त मोडून टाकू, मी भावाकडे जाईन."

भट्टी पेटली. साचीबाई तिच्या तोंडाशी बसून होती. भर दुपारी, आग पांढरी झाल्यावर, थकून जराशी भिंतीला टेकली, तेवढीच.

भट्टी निवाल्यावर पेले काढले. वाकडा एकही नव्हता. पण सगळ्यांच्या अंगावर देवीच्या वणांसारखे पिवळट खड्डे! आगीत मीठ पडलं, की त्याची वाफ भांड्यांना अशी चावते; तिने लगेच ओळखलं.

"रुखमा, भट्टीत काय टाकलं?"

ईश्वरची बायको पुढे आली. "मीठ-मोहरी, बाई. ओंजळभर. तुमचा डोळा लागला होता, म्हनून म्याच भट्टीची नजर उतरवली. बरण्या न्यायले आलेल्या बाया कशा टकामका पाहून राहिल्या होत्या!"

"मले काहून नाही विचारलं?"

"नजर काय विचारून उतरवतेत जी? अन् इतक्या वर्षांत तुमीनं तरी सांगतलं का एकदा, मीठ टाकू नोको म्हनून?" मग रुखमाने एक पेला उचलून पाहिला. "नासलं का जी?"

"नासलं."

साचीबाईने एक पेला उन्हात धरला. आत बोट घातलं. बोटाची सावली बाहेर उमटली. रंग तेवढा शिजल्या भाताचा नव्हता. पेला तिने खाली ठेवलाच नाही.

ईश्वर भट्टी मोडायची सब्बल घेऊन आला. "बाई, मोडू?"

"आज नोको. विटा गरम आहेत अजून."

ईश्वरने भिंतीवर हात ठेवला. विटा कधीच्याच थंड झाल्या होत्या. सब्बल त्याने हळूच खाली ठेवली.